डाएट सुरू केल्यापासून सतत थकवा येतोय? आधी ताट तपासा, मग वजनकाटा



एरवी आपण गुणाकार, वाचन, परिसर अभ्यास अशा विषयांवर बोलतो. आजचा पाठ जरा वेगळा आहे. हा पाठ मी कुठल्या प्रशिक्षणात शिकले नाही. तो मला माझ्याच शरीराने शिकवला, आणि शिकवताना एका लहान मुलाला माझं रागावणं विनाकारण सोसावं लागलं. म्हणून तो लिहून ठेवावासा वाटला. आपल्यापैकी कितीतरी शिक्षिका आणि कितीतरी आया सध्या 'डाएट' करत आहेत आणि "हल्ली फार थकायला होतं" असंही म्हणत आहेत. या दोन गोष्टींचा संबंध आपण लावतच नाही.

माझी गोष्ट

मी थळला राहते. प्राथमिक शाळेत तिसरीचा वर्ग माझ्याकडे आहे. गेल्या वर्षी गणपती झाल्यावर मी वजन केलं तर काटा ६८ किलोवर. माझी उंची १५६ सेंटिमीटर. घरात दिवाळीनंतरचं लग्न होतं. एका मैत्रिणीने मोबाईलवर एक तक्ता पाठवला, '३० दिवसांत ८ किलो कमी'. भात बंद, भाकरी बंद, मासे बंद, तेल बंद. सकाळी लिंबू-मधाचं पाणी, शाळेत एक सफरचंद आणि काकडी-गाजर, दोनदा बिनसाखरेचा चहा, दुपारी ताक, संध्याकाळी मूठभर चणे, रात्री भाज्यांचं सूप आणि पपई. संपला दिवस.

पहिल्या आठवड्यात अडीच किलो उतरले. मी हवेतच! स्टाफरूममध्ये सगळ्यांना तक्ता दिला. पाचव्या आठवड्यापर्यंत साडेपाच किलो गेले. पण तोपर्यंत काय काय झालं होतं ते सांगते. सकाळी उठतानाच अंग जड. किनाऱ्यावर खांदेरी-उंदेरीकडे बघत रोज अर्धा तास आरामात चालणारी मी, दहा मिनिटांत वाळूवर बसायला लागले. खाली वाकून उठलं की डोळ्यांपुढे अंधारी. ऑक्टोबरच्या उकाड्यात सगळे घामाघूम, आणि माझे तळहात गार. विंचरताना केसांचा पुंजका हातात यायचा. रात्री अंथरुणाला पाठ टेकली तरी झोप नाही, भुकेने जाग.

मला वाटायचं, थकवा येतोय म्हणजे डाएट लागू पडतंय. "चरबी जळतेय, त्रास होणारच." घरी सासूबाई म्हणायच्या, "अगं, तोंड बघ आरशात, कसं उतरलंय." मी हसून सोडून द्यायचे.

मग एक दिवस चौथ्या तासाला मी फळ्यावर हातच्याची बेरीज करून दाखवत होते. हातचा घ्यायला मीच विसरले. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "बाई, हातचा एक राहिला." एरवी मी त्याला शाबासकी दिली असती. त्या दिवशी मी त्याच्यावर ओरडले. इतकी ओरडले की शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले. त्या मुलाने मान खाली घातली आणि सुट्टी होईपर्यंत वर केली नाही. चूक माझी होती, मूल बरोबर होतं.

त्याच आठवड्यात पोषण आहाराच्या वेळी एका मुलीने ताटातली खिचडी अर्धी बाजूला सारली. मी विचारलं, "का गं, आवडली नाही?" ती म्हणाली, "आवडते बाई. पण भाताने जाडं होतात ना? तुम्हीपण खात नाही." आठ वर्षांची मुलगी. वजन वयाच्या मानाने कमीच. तेव्हा मात्र मी मनातून हादरले.

पोषण आहाराच्या पातेल्याशेजारी केलेला हिशोब

त्या दिवशी मी एक साधा हिशोब केला. आपल्या शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या एका मुलाच्या एका जेवणात ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असं प्रमाण ठरलेलं आहे. त्यासाठी १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल धरतात. हे आपल्या सगळ्यांच्या रजिस्टरमध्ये असतं, रोज चव घेऊन आपणच सही करतो.

मग माझ्या तक्त्यातलं सगळं कागदावर मांडलं. दिवसभराची बेरीज आली साडेपाचशे ते सहाशे कॅलरी आणि १३-१४ ग्रॅम प्रथिनं. म्हणजे तिसरीतलं मूल जे एका दुपारी खातं, जवळपास तेवढ्यावर मी आख्खा दिवस काढत होते. घरचा स्वयंपाक, दोन मुलं, शाळा, ऑनलाईन माहिती भरणं, सगळं तेवढ्यावर.

बाईची गरज किती असते? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० साली जी शिफारस केली, त्यात ५५ किलो वजनाच्या, बैठं काम करणाऱ्या स्त्रीसाठी दिवसाला १,६६० कॅलरी, साधारण ४६ ग्रॅम प्रथिनं आणि २९ मिलिग्रॅम लोह दिलं आहे. माझं वजन त्याहून जास्त, आणि दिवसभर वर्गात उभं राहायचं. म्हणजे गरजही थोडी जास्तच. मी गरजेच्या एक तृतीयांशही खात नव्हते. मग थकवा आला यात नवल ते काय? नवल हे की मी पाच आठवडे उभी होते.

शरीर हिशोब कसा जुळवतं?

आपण मुलांना सांगतो, अन्नातून ऊर्जा मिळते. पण अन्न कमी पडलं की शरीर काय करतं, हे आपल्यालाच नीट माहीत नसतं. तीन गोष्टी समजून घेऊया.

१) पहिल्या आठवड्यात उतरलेलं वजन बरंचसं पाण्याचं असतं. यकृतात आणि स्नायूंत साखरेचा एक साठा असतो, त्याला ग्लायकोजेन म्हणतात. त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण ३ ग्रॅम पाणी साठलेलं असतं. खाणं एकदम तोडलं की हा साठा संपतो, पाणी लघवीवाटे जातं, काटा झरझर खाली येतो. पाण्याबरोबर मीठही जातं. म्हणून डोकं दुखतं, उठताना अंधारी येते. आपण मात्र "चरबी गेली" म्हणून पेढे वाटतो.

२) शरीर खर्च कमी करतं. घरात पगार उशिरा आला की आपण काय करतो? गरजेपुरतंच खर्चतो. शरीरही तेच करतं. हालचाल मंदावते, हातपाय गार पडतात, उत्साह आटतो. आपण आळशी झालो असं वाटतं, पण तो आळस नसतो, ती शरीराने केलेली काटकसर असते. म्हणूनच काही आठवड्यांनी तेवढंच कमी खाऊनही काटा हलेनासा होतो.

३) प्रथिनं कमी पडली की चरबीबरोबर स्नायूही जातात. स्नायू गेले की जिना चढणं, पाण्याची कळशी उचलणं, सलग दोन तास उभं राहणं, सगळंच जड वाटतं.

हे नुसतं पुस्तकी नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज या शास्त्रज्ञाने एक प्रयोग केला. युद्धात उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा खाऊपिऊ कसं घालायचं, हे त्यांना शिकायचं होतं. ३६ निरोगी तरुण स्वतःहून तयार झाले. १९४५ मध्ये २४ आठवडे त्यांना रोज सरासरी १,५७० कॅलरींच्या आसपास अन्न दिलं. आकडा फार लहान वाटत नाही ना? पण त्या तरुणांची गरज साधारण याच्या दुप्पट होती. त्यांचं वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटलं. पण त्याबरोबर सतत थकवा, थंडी वाजणं, चिडचिड, एकाग्रता न होणं हे सगळं आलं. नाडी मंदावली. काही जण दिवसभर जेवणाचाच विचार करायचे, पाककृतींची पुस्तकं जमवायला लागले होते.

हे वाचलं तेव्हा मला माझा मोबाईल आठवला. त्या पाच आठवड्यांत मी रात्री झोप लागेना म्हणून बिर्याणीचे व्हिडिओ बघत पडायचे! आणि वर्गातला तो ओरडाही आठवला. माझा स्वभाव बिघडला नव्हता. मी उपाशी होते.

आपल्याकडची खास अडचण

आता आपल्या मातीतली गोष्ट. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक फोटो छापला. त्यात ते स्वतः आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन शेजारी उभे आहेत. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. (बीएमआय म्हणजे किलोमधलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. पाचवी-सहावीच्या मुलांना गणित म्हणून घालायला छान आहे, फक्त मुलांची स्वतःची वजनं घेऊ नका, का ते पुढे सांगते.) पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के!

म्हणजे काय? काट्यावर सारखे दिसणारे दोन लोक आतून सारखे नसतात. आपल्याकडे पुष्कळांच्या अंगात त्याच वजनाला चरबी जास्त आणि स्नायू कमी असतात. म्हणूनच भारतीयांसाठी बीएमआय २३ च्या पुढे गेला की जास्त वजन आणि २५ च्या पुढे स्थूलता मानतात. माझा २८ होता, म्हणजे वजन कमी करायला हवं होतं, यात वाद नाही. पण ज्यांच्याकडे स्नायूंची पुंजी मुळात थोडी, त्यांनी ती डाएटमध्ये उधळून चालेल का? आपल्याला चरबी घालवायची आहे, ताकद नाही.

दुसरी अडचण रक्ताची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्याच सर्वेक्षणात राज्यातल्या सुमारे २३ टक्के स्त्रियांचं वजन जास्त होतं. आपण समजतो की रक्त कमी असतं ते बारीक, कुपोषित बायकांचं. तसं काही नाही. वजन जास्त आणि रक्त कमी, असं एकाच बाईच्या बाबतीत होऊ शकतं. माझ्या बाबतीत तेच झालं होतं.

तिसरी अडचण बी-१२ जीवनसत्त्वाची. पुणे भागातल्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांच्या अभ्यासात याज्ञिक यांच्या गटाला ६७ टक्के जणांमध्ये बी-१२ कमी आढळलं, आणि शाकाहारी लोकांमध्ये धोका अधिक होता. हे जीवनसत्त्व मासे, अंडी, मांस, दूध-दह्यातून मिळतं. ते कमी पडलं की थकवा, हातापायांना मुंग्या, विसराळूपणा येऊ शकतो. आणि डाएट म्हटलं की आपण पहिल्यांदा काय बंद करतो? मासे, अंडी आणि दूध!

तपासणीत काय निघालं?

शेवटी अलिबागला डॉक्टरांकडे गेले. त्यांनी आधी वजन विचारलंच नाही. विचारलं, "पाळीच्या वेळी किती दिवस, किती जातं? जेवणाबरोबर चहा घेता का? झोप किती?" मग रक्त तपासलं. थायरॉईड ठीक, साखर ठीक. हिमोग्लोबिन ९.४. गर्भवती नसलेल्या स्त्रीला किमान १२ हवं.

डॉक्टर म्हणाल्या, "हे पाच आठवड्यांत झालेलं नाही. हे जुनं आहे. तुम्ही नीट जेवत होता तोवर कसंबसं निभावत होतं. खाणं तोडलंत आणि ते उघडं पडलं."

मला सगळ्यात जास्त लाज कशाची वाटली सांगू? 'अॅनिमियामुक्त भारत' कार्यक्रमात दर आठवड्याला वर्गात लोहाच्या गुलाबी गोळ्या मीच वाटते. "जेवल्यावर घ्यायची, उपाशीपोटी नाही," असं मुलांना मीच बजावते. मोठ्या मुलामुलींना निळ्या गोळ्या का, हेही पालक सभेत समजावते. आणि स्वतःचं हिमोग्लोबिन दुसऱ्या बाळंतपणानंतर एकदाही तपासलं नव्हतं.

तुमचा थकवा कुठला? स्वतःला विचारायचे प्रश्न

डाएट करताना थकवा येत असेल तर हे प्रश्न एका कागदावर लिहून प्रामाणिक उत्तरं द्या.

• मी दिवसभरात एकूण किती खाते/खातो? आठवड्याला एक किलोहून जास्त वेगाने वजन उतरत असेल तर बहुतेक खाणं फारच तुटलं आहे. आठवड्याला अर्धा किलो हा वेग पुरे.

• प्रत्येक जेवणात डाळ, कडधान्य, मासे, अंडी, दूध-दही यातलं काही आहे का? की नुसती फळं आणि काकडी?

• पाळी जड जाते का? नखं, पापण्यांची आतली बाजू फिकट दिसते का? जिना चढताना धाप लागते का?

• जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर चहा घेतो का? चहामुळे अन्नातलं लोह शोषलं जायला अडथळा होतो. चहा जेवणापासून तासभर दूर ठेवा. उलट लिंबू, आवळा, पेरू जेवणात असले तर लोह चांगलं शोषलं जातं.

• पाणी पुरेसं पितो का? आपल्या किनाऱ्यावर घाम फार येतो. शिक्षिकांची एक अडचण मोकळेपणाने बोलायला हवी. शाळेतल्या स्वच्छतागृहाची सोय नीट नसली की आपण दिवसभर पाणीच पीत नाही. त्यानेही डोकं जड होतं.

• झोप किती? पाच तास झोपून, भुकेलं राहून, वर व्यायाम वाढवला तर शरीर कुठून आणणार?

• मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत का? असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण तोडायचं नाही. मधुमेहाच्या काही गोळ्या किंवा इन्सुलिन घेऊन उपाशी राहिलं तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते.

थकवा दोन आठवड्यांहून जास्त टिकला तर हिमोग्लोबिन, बी-१२, थायरॉईड आणि साखर यांबद्दल डॉक्टरांशी बोला. चक्कर येऊन पडणं, छातीत धडधड किंवा दुखणं, बसल्या जागी धाप लागणं, यातलं काही झालं तर थांबू नका, त्याच दिवशी जा. गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या आयांनी वजन उतरवायचं डाएट स्वतःच्या मनाने करूच नये.

आपल्याकडे सध्या दिवसातून दोनच वेळा जेवण्याच्या पद्धतीही खूप चालतात. डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्यामुळे 'दोन वेळा, ५५ मिनिटांत' हे तर घराघरांत पोचलं. कुणाला काय मानवतं हे ज्याने त्याने आपल्या डॉक्टरांशी बोलून ठरवावं. मला फक्त एवढंच दिसतं, की आपण बायका त्यातलं 'दोनच वेळा' तेवढं उचलतो आणि त्या दोन वेळाही चिमणीएवढंच खातो. दोन्ही काटकसरी एकत्र केल्या की थकवा ठरलेलाच.

आता माझं ताट कसं असतं?

डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. पाळीत रक्त जास्त जातं त्यावरही उपचार झाले. आणि खाण्याबद्दल त्या म्हणाल्या, "तुमच्या गावात जे मिळतं तेच खा, फक्त मोजून." ना महागाची पावडर, ना परदेशी फळ. दिवस असा असतो:

सकाळी: तांदळाची एक भाकरी, एका अंड्याची भुर्जी. चहा त्यानंतर तासाभराने, शाळेत.

दुपारी: दीड भाकरी, वाटीभर वालाचं बिरडं किंवा मुगाची उसळ, एक पालेभाजी, ताक. सोबत फोडभर पांढरा कांदा आणि लिंबू. आपल्या अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते उगाच नाही!

साडेचारला: मूठभर भाजलेले शेंगदाणे किंवा चणे आणि एक पेरू.

रात्री: वाटीभर भात, माशाचं कालवण, त्यात बांगड्याचे दोन तुकडे किंवा मांदेली, आणि कोशिंबीर. तळलेला मासा आठवड्यातून एकदा. तिसऱ्या मिळाल्या तर उत्तमच, त्यांत लोह आणि बी-१२ दोन्ही चांगलं असतं. सुकटीत प्रथिनं भरपूर, पण मीठही भरपूर. रक्तदाब असणाऱ्यांनी ती धुऊन आणि बेतानेच खावी. शाकाहारी घरांनी माशाऐवजी डाळ-उसळ दुप्पट, शिवाय दही किंवा पनीर धरावं, आणि बी-१२ तपासून घ्यावं.

हे सगळं मिळून साधारण १,४०० ते १,५०० कॅलरी आणि ५५ ते ६० ग्रॅम प्रथिनं होतात. माझ्या गरजेपेक्षा तीन-चारशे कॅलरी कमी. म्हणजे वजन उतरतं, पण मी उभी राहते. काय कमी केलं मग? बेकरीची बिस्किटं, चहातली साखर, रात्रीचा दुसरा भात, संध्याकाळचे वडापाव आणि फरसाण. नीट पाहिलं तर वजन तिथूनच वाढलेलं होतं. भाकरी आणि मासे बिचारे विनाकारण बदनाम झाले.

निकाल? लग्नापर्यंत आठ किलो काही उतरले नाहीत. पुन्हा नीट जेवायला लागले तेव्हा पाण्याचं वजन परत आलं, काटा दोन किलोंनी वर गेला. त्या दिवशी रडू आलं, खोटं कशाला सांगू! पण पुढच्या चार महिन्यांत तीन किलो हळूहळू गेले. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन ११.६ झालं, गोळ्या अजून चालू आहेत. थंडीत शेजाऱ्यांनी पोपटी लावली तेव्हा वालाच्या शेंगा आणि अंडी मी मजेत खाल्ली. दुसऱ्या दिवशी काट्याने काही शिक्षा केली नाही.

वर्गात आणि घरात काय जपायचं?

हा भाग माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा आहे.

१. मुलांसमोर स्वतःच्या किंवा कुणाच्याही जाडीबद्दल बोलू नका. "मी किती जाडी झालेय" हे वाक्य आईने आरशासमोर म्हटलं की मुलगी तो आरसा स्वतःकडे वळवते.

२. वर्गात सर्वांदेखत वजन जाहीर करू नका. आरोग्य तपासणीत उंची-वजन घेताना आकडा मोठ्याने न सांगता लिहून ठेवा. जाडा, सुकडा ही चिडवण्याची नावं ऐकली की तिथेच थांबवा.

३. वाढत्या वयाच्या मुलांना डाएट नाही. मूल स्थूल वाटत असेल तर डॉक्टरांना दाखवा. घरात सर्वांचंच खाणं सुधारा आणि त्याला मैदानावर सोडा. त्याच्या एकट्याच्या ताटातला भात काढू नका. विशेषतः पाळी सुरू झालेल्या मुलींनी जेवण टाळायला सुरुवात केली तर लक्ष ठेवा.

४. 'चांगलं अन्न, वाईट अन्न' असं शिकवण्याऐवजी 'कुठलं अन्न काय काम करतं' हे शिकवा. मी वर्गात एक कृती घेतली. फळ्यावर तीन रकाने केले: ताकद देणारं, शरीर बांधणारं, आजारापासून राखणारं. मुलांनी काल घरी जे खाल्लं ते योग्य रकान्यात लिहायचं. कोळीवाड्यातल्या मुलांनी बोंबील, करंदी, जवळा सगळं 'शरीर बांधणारं' मध्ये भरून टाकलं. एकाने विचारलं, "बाई, तुमचं काल काय होतं?" मी माझंही लिहिलं. भात पहिल्या रकान्यात.

५. आणि शक्य असेल तेव्हा मुलांबरोबर बसून जेवा. नुसती चव घेऊन सही करण्यापेक्षा ते फार मोठं शिक्षण आहे.

मी आता आठवड्यातून दोनदा माझा डबा घेऊन मुलांच्या पंगतीत बसते. त्या मुलाची, हातचा दाखवणाऱ्याची, मी वर्गासमोर माफी मागितली. तो लाजला, आणि दुसऱ्या दिवशी माझी आणखी एक चूक काढली! आणि ती मुलगी? पहिले काही दिवस ती खिचडीकडे आणि माझ्या डब्याकडे आळीपाळीने बघायची. मग एकदा माझ्या डब्यातल्या भाकरीकडे बोट दाखवून म्हणाली, "बाई, आता तुम्ही डाएट सोडलं?" मी म्हटलं, "नाही गं. आता नीट करतेय." तिने थोडा विचार केला आणि ताईंकडे आणखी वाढायला ताट पुढे केलं.

तर वाचकहो, वजन कमी करायचं असेल तर जरूर करा. पण त्या वाटेवर थकवा आला तर त्याला चिकाटीची परीक्षा समजू नका. तो शरीराने विचारलेला प्रश्न आहे. या आठवड्यात एवढाच गृहपाठ करा: एका दिवसात आपण जे जे खाल्लं ते लिहून काढा आणि शेजारी पोषण आहारातल्या एका मुलाच्या जेवणाचं प्रमाण लिहा. शेवटचं हिमोग्लोबिन कधी तपासलं ती तारीखही लिहा. ती आठवत नसेल, तर तपासणी कधी करायची ते आजच ठरवा.